हाताला ठाऊक, डोळ्याला नाही

प्रश्न : माझ्या बहिणीचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. जन्मापासून त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आम्ही वस्तीवर राहतो. 'जन्माचा आंधळा आहे, त्याला काही होणार नाही' असंच सगळे म्हणत आले आणि आम्हीही तेच धरून चाललो. यंदा गावात नेत्रतपासणी शिबिर झालं, तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन होईल म्हणून सांगितलं. दोन्ही डोळ्यांची झाली, चष्माही मिळाला. त्याला दीड महिना होऊन गेला. उजेड, रंग, कोणी आलं-गेलं हे त्याला दिसतं. पण समोर तांब्या ठेवला तर हे काय आहे ते सांगता येत नाही. हात लावला की लगेच म्हणतो, "तांब्या." मी गप्प उभी राहिले तर मला ओळखत नाही, बोलले की धावत येतो. उंबऱ्यापाशी डोळे मिटून घेतो आणि पूर्वीसारखा पायानं चाचपत उतरतो. चष्मा काढून ठेवतो. त्याचे आजोबा म्हणतात, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" वडील म्हणतात पाटी कोरी आहे, सगळं शिकवावं लागेल, दिवसभर एकेक वस्तू त्याच्यापुढे धरतात, ओळखली नाही की चिडतात. बहीण नुसती रडते. पाहणं माणसाला उपजत येतं की शिकावं लागतं? आम्ही काय करावं?
— एक मावशी, सोलापूर जिल्हा

ताई,

आधी बहिणीला सांगा, ऑपरेशन वाया गेलेलं नाही. हाताला तांब्या कळतो आणि डोळ्याला कळत नाही, हे बिघाडाचं लक्षण नाही. इतक्या उशिरा दृष्टी आलेल्या मुलांचं सुरुवातीला असंच होतं. मी चोवीस वर्षं अंध मुलांच्या शाळेत शिकवलं. त्यात ऑपरेशननंतर दिसू लागलेली तीन मुलं माझ्या वर्गात होती. तिघांचेही पहिले महिने तुमच्या भाच्यासारखेच गेले.

तुम्ही जो प्रश्न विचारलाय तो तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू नावाच्या गृहस्थांनी विचारला होता. त्यांची पत्नी लग्नानंतर थोड्याच दिवसांत अंध झाली होती, त्यामुळे हा त्यांच्या घरातलाच विषय होता. १६८८ साली त्यांनी जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाला पत्र पाठवलं. जन्मांध माणूस आहे. ठोकळा आणि गोळा यांतला फरक त्याला हातानं नीट कळतो. उद्या त्याला दृष्टी आली आणि दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या, तर हात न लावता कुठला ठोकळा आणि कुठला गोळा हे त्याला सांगता येईल का? पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. मॉलिन्यूंनी १६९३ मध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा लॉकनी तो प्रश्न आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत घातला. मन म्हणजे कोरा कागद, त्यावर जे उमटतं ते अनुभवानं, असं लॉकचं म्हणणं. तेव्हा त्यांचं उत्तर सरळ होतं : नाही सांगता येणार. जर्मनीचे तत्त्वज्ञ लायब्निझ मात्र म्हणाले, येईल. समोर ठोकळा आणि गोळा आहेत एवढं त्याला सांगा. गोळ्याला कोपरे नसतात, ठोकळ्याला असतात, यावरून तो विचार करून ओळखील. मन कोरं नसतं, संगमरवरात जशा शिरा असतात तशा त्यात आधीच रेषा असतात, असं लायब्निझ मानत.

म्हणजे तुमच्या घरात आजोबा आणि वडील यांचं जे चाललंय, तेच या मोठमोठ्या माणसांचंही चाललं होतं.

पुढे लंडनच्या विल्यम चेझल्डन या शल्यवैद्यानं तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाचा मोतीबिंदू काढला आणि त्या मुलाचं काय झालं ते १७२८ मध्ये लिहून प्रसिद्ध केलं. त्या मुलाला वाटे की दिसणारी प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्याला टेकलीय, जशी हाताला लागलेली वस्तू कातडीला टेकते. कुत्रं कुठलं आणि मांजर कुठलं, हे तो सारखा विसरे आणि विचारायची त्याला लाज वाटे. एक दिवस त्यानं मांजर पकडलं. हातानं ते त्याला ओळखता येत होतंच. मग त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला आणि खाली सोडताना म्हणाला, "बरं मनी, आता पुढच्या वेळी ओळखीन तुला." ताई, तुमच्या भाच्याचा तांब्या म्हणजे हेच मांजर.

मॉलिन्यूंच्या प्रश्नाची रीतसर चाचणी मात्र अलीकडची आहे, आणि ती आपल्याकडे झाली. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे पवन सिन्हा यांनी दिल्लीत 'प्रकाश' नावाचा प्रकल्प सुरू केला. खेड्यापाड्यांतली जन्मांध मुलं शोधायची, ज्यांच्यावर उपचार शक्य आहे त्यांची ऑपरेशनं करायची आणि ती पाहायला कशी लागतात याचाही अभ्यास करायचा. २०११ साली त्यांनी ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची चाचणी प्रसिद्ध केली. ऑपरेशननंतर दोन दिवसांच्या आत मुलांना खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार दिले. एक आकार डोळ्यांनी बघून पुन्हा डोळ्यांनीच ओळखायचा, यात मुलं ९२ टक्के बरोबर. म्हणजे दिसत होतं, व्यवस्थित दिसत होतं. पण हातानं चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखायचा म्हटल्यावर ५८ टक्के. दोनातला एक निवडायचा होता, त्यामुळे नुसतं अंदाजानं सांगितलं असतं तरी ५० आलेच असते. इथवर लॉक बरोबर ठरले.

पुढचा भाग तुम्ही घरात सगळ्यांना वाचून दाखवा. यातल्या ज्या मुलांची काही दिवसांनी पुन्हा चाचणी घेता आली, ती हाताचं डोळ्यांनी बऱ्यापैकी ओळखू लागली होती. एकाच्या बाबतीत तर आठवडाही झाला नव्हता. मधे त्यांना कोणी शिकवणी दिली नव्हती. ती घरी गेली, जेवली, हिंडली, वस्तू हाताळल्या आणि हाताळताना बघितल्या, एवढंच. जे जन्मभर जुळलेलं नव्हतं ते इतक्या थोड्या दिवसांत जुळायला लागलं, याचा अर्थ जुळण्याची तयारी आधीपासून आत होती. पाचच मुलं होती, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या वर्गात मी जे पाहिलं ते याच्याशी जुळतं.

याच प्रकल्पातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रेल्वेच्या रुळांसारख्या दोन रेषा वर जाताना जवळ येत जातात असं चित्र घ्या. त्यांच्यामध्ये सारख्याच लांबीच्या दोन आडव्या रेघा काढा, एक खाली, एक वर. आपल्याला वरची लांब वाटते. पुष्कळांचं म्हणणं होतं की आपण जन्मभर लांब जाणारे रस्ते बघतो म्हणून डोळा असा फसतो, ही सवय आहे. २०१५ मध्ये ८ ते १६ वर्षांच्या नऊ मुलांना, नुकतंच दिसू लागल्यावर, हे चित्र दाखवलं. त्यांनी जन्मात रस्ता पाहिला नव्हता. तरी त्यांनाही वरचीच रेघ लांब वाटली. म्हणजे बघण्याची काही रीत आपण जन्मतःच घेऊन येतो.

आता आजोबांना काय सांगायचं? त्यांना म्हणावं, आडात पाणी आहे. पोहराही आता मिळाला. दोर मात्र अकरा वर्षांत कोणी वळला नाही, तो वळायचा राहिलाय.

आणि भावोजींना कोऱ्या पाटीबद्दल. त्यांनी ब्रेलची पाटी पाहिली नसेल. ती दोन पट्ट्यांची असते. वरच्या पट्टीत छोट्या खिडक्यांच्या ओळी, खालच्या पट्टीत प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे. मधे जाड कागद घालायचा आणि लेखणीनं टोचत जायचं, उजवीकडून डावीकडे, म्हणजे कागद उलटला की ठिपके वर येतात आणि डावीकडून उजवीकडे वाचता येतात. ती पाटी कोरी नसते, घरं आखलेली असतात. सहा खळग्यांच्या बाहेर कुठे ठिपका उठत नाही. पण म्हणून आपोआप एक अक्षरही उमटत नाही. चोवीस वर्षं ती पाटी माझ्या हाताखाली होती, आणि माणूस काय घेऊन येतो आणि काय मिळवतो असं कोणी विचारलं की मला तीच आठवते.

मात्र घरं आखलेली आहेत म्हणून कितीही वाट बघून चालत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या घरातलं सहा-आठ महिन्यांचं बाळ आपल्या 'त' आणि 'ट' मधला फरक ऐकून ओळखतं. त्याच्या आईला तो ओळखता येत नाही. पण त्या घरात तो फरक कानावर पडत नाही, आणि वर्षाचं होईस्तोवर बाळाचीही ती जाण ओसरते. कॅनडात वर्कर आणि टीस यांनी १९८४ मध्ये हे हिंदीतला त-ट घेऊन दाखवलं. डोळ्याचंही तसंच आहे. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने शिवून बंद ठेवला. नंतर उघडला तेव्हा डोळा धड होता, पण पिल्लाला त्यातून जवळजवळ काही दिसत नव्हतं. मेंदूतली त्याची जागा दुसऱ्या डोळ्यानं घेतली होती. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असं होत नाही. १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बाळाच्या डोळ्यातला दाट मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांतच काढायला हवा असं डॉक्टर म्हणतात ते यासाठीच. तुमच्या भाच्याची अकरा वर्षं गेली. म्हणून तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही : त्याची नजर बहुधा तुमच्या-माझ्याइतकी बारीक होणार नाही. सुईत दोरा, फळ्यावरचं बारीक अक्षर, हे कदाचित कधीच जमणार नाही. पण चालणं-फिरणं, वस्तू ओळखणं, माणसं ओळखणं यात पुष्कळ काही मिळवता येतं, आणि ती वाढ महिनोन्‌महिने चालू राहते.

आता मी स्वतः केलेली चूक सांगते, म्हणजे तुमच्या घरात तरी ती होऊ नये. माझ्या वर्गातली एक मुलगी, नऊ वर्षांची, ऑपरेशन होऊन शाळेत परत आली. मी उत्साहात होते. तिच्यापुढे वाटी, पेला, चमचा मांडले आणि तिनं हात पुढे केला की तो मागे ओढायची. "हात नाही लावायचा, डोळ्यांनी बघ." मला वाटे हात बंद केला की डोळा काम करील. चार दिवसांनी ती माझ्यासमोर बसल्याबरोबर डोळेच मिटून घ्यायला लागली.

तिला सुधारलं शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मावशींनी. त्यांच्याजवळ ती पोळ्यांच्या वेळी जाऊन बसे. एकदा मी दारातून पाहिलं. मावशींनी तिच्या हातात लाटणं दिलं आणि म्हणाल्या, "धर. आता बघ त्याच्याकडं. आता फिरव." लाटणं आडवं धरलं की लांब दिसतं, टोक आपल्याकडे केलं की नुसता गोल दिसतो. मला आयुष्यात कधी हे जाणवलं नव्हतं. त्या मुलीला ते दोन निराळे आकार दिसत होते, पण हातात मात्र सगळा वेळ एकच लाटणं होतं. ती ते हळूहळू फिरवत होती, लांबाचा गोल होताना बघत होती, पुन्हा लांब, पुन्हा गोल. पंधरा मिनिटं तरी तिचं हेच चाललं होतं. मग म्हणाली, "हे तेच आहे." मावशींनी पोळी उलटली आणि म्हणाल्या, "तेच की, दुसरं कुठलं असणार?" त्या दिवसापासून मी तिचा हात कधी अडवला नाही.

म्हणून भावोजींना सांगा, परीक्षा घेणं आजपासून बंद. वस्तू पुढे धरून 'हे काय' विचारायचं नाही. आधी त्याच्या हातात द्यायची, नाव त्यानं सांगायचं, मग हातात असतानाच तिच्याकडे बघायचं, फिरवायची, जवळ-लांब करायची. आणि सुरुवात तांब्यापासून करू नका. चकचकीत तांब्या हे नव्या डोळ्यासाठी फार अवघड असतं. त्यावर एकीकडे उजेडाचा पट्टा, एकीकडे काळोख, मधे दाराचं प्रतिबिंब. नुकतं दिसू लागलेल्या माणसाला ते सगळे वेगवेगळे तुकडे वाटतात, सगळं मिळून एक भांडं आहे हे लक्षात येत नाही. माझ्या वर्गातली ती मुलगी खांबाच्या सावलीवरून पाय उचलून जायची, काहीतरी आडवं पडलंय असं समजून. कांदा घ्या, वांगं घ्या, लाल रंगाचा चेंडू घ्या. आणि हलवा. वस्तू हलली की तिचे सगळे तुकडे एकत्र हलतात, मग डोळ्याला कळतं की ही एकच वस्तू आहे. प्रकाश प्रकल्पातल्या अभ्यासातही हेच आढळलं : स्थिर चित्रात ज्यांना काही सुधरत नव्हतं, त्यांना तोच आकार हलता दाखवला की ओळखता येत होता. शेरडं-कोंबड्या वस्तीवर असतीलच. त्यांच्याइतके चांगले शिक्षक नाहीत, कारण ती गप्प बसत नाहीत.

ब्रेल येत असेल तर ते सोडू देऊ नका. देवनागरी अक्षरं पुठ्ठ्याची कापून द्या, बोटानं गिरवू द्या, मग दाखवा. १९५८-५९ मध्ये इंग्लंडमध्ये ५२ वर्षांच्या एका माणसाला दृष्टी आली. तान्हेपणीच डोळे गेले होते. तो एस. बी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. मोठ्या लिपीतली इंग्रजी अक्षरं त्यानं अंधशाळेत हातानं शिकली होती, ती त्याला डोळ्यांनी लगेच वाचता आली. लहान लिपीतली शिकवलीच नव्हती, ती वाचता येईनात. हातानं मिळवलेलं असं डोळ्याच्या उपयोगी पडतं. त्याला लंडनच्या विज्ञान संग्रहालयात एक लेथ, म्हणजे कातकामाचं यंत्र, दाखवलं. काचेतून त्याला ते काही केल्या समजेना. मग काच उघडून हात लावू दिला. त्यानं डोळे मिटले, सगळ्या यंत्रावरून हात फिरवला, थोडा मागे सरला, डोळे उघडले आणि म्हणाला, आता हात लावला, आता मला दिसतंय.

या माणसाबद्दल दुसरंही सांगायला हवं. अंध असताना तो बेधडक रस्ता ओलांडायचा. दिसायला लागल्यावर गाड्यांना घाबरू लागला. संध्याकाळी दिवा न लावता अंधारात बसून राही. हळूहळू खचत गेला आणि दोन वर्षांच्या आत वारला. हे सांगून तुम्हाला घाबरवायचं नाही. भाचा उंबऱ्यापाशी डोळे मिटतो त्याचं कारण कळावं म्हणून सांगते. उंबरा त्याच्या पायाला अकरा वर्षं ठाऊक आहे. डोळा त्याला तिथे एक काळी पट्टी दाखवतो, ती खोल आहे की सपाट हे कळत नाही. पायावर त्याचा विश्वास आहे, तो राहू द्या. डोळे मिटून उतरला तर रागवू नका. उंबऱ्याच्या कडेला चुन्याचा किंवा पिवळ्या रंगाचा जाड पट्टा ओढा, दिवसभरात त्यावरून पाय जात राहतील आणि नजरही. दिवसातून तासभर 'बघण्याचा' वेळ ठेवा, बाकी वेळ पूर्वीसारखा हातानं-कानानं जगू द्या. दमतो तो. दमला की चष्मा काढतो.

चष्म्याचं मात्र डॉक्टरांना विचारा. मोतीबिंदू काढल्यावर जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसेल असा नंबर लागतो, तो बरोबर बसलाय का, चष्मा नाकावरून घसरतो का, उन्हात डोळे दिपतात का, हे सगळं बघून घ्या. पुढच्या तपासणीच्या तारखा चुकवू नका. अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल गावात कोणी काही सांगेल, पण आता दिसतं म्हणून तो परत करायची घाई करू नका. २०१६ च्या कायद्यात अंधत्वाबरोबर कमी दृष्टीचीही वेगळी नोंद आहे. शाळेत शिक्षकांनाही हे सांगा.

आणखी एक, आणि हे आजच करा. त्याला पाठचं भावंड असेल, किंवा घरात तान्हं बाळ असेल, तर त्याचे डोळे तपासून घ्या. जन्मजात मोतीबिंदू काही घरांत वंशानं येतो, काही वेळा आईला गरोदरपणी रुबेला झाल्यानं होतो. बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं तर शिबिराची वाट पाहू नका.

शेवटी तुमच्याबद्दल. गप्प उभी राहिले तर मला ओळखत नाही, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण ते तुम्हाला लागलंय. चेहरा ओळखणं या मुलांना उशिरा जमतं, चेहरा आहे की दुसरं काही हेही सुरुवातीला नीट कळत नाही, आणि काही महिन्यांत ते सुधारतं. त्यानं तुम्हाला अकरा वर्षं आवाजानं, बांगड्यांनी, लुगड्याच्या वासानं ओळखलंय. तेव्हा दारातल्या उजेडात त्याला समोर बसवा. त्याचे दोन्ही हात तुमच्या गालांवर ठेवा, कपाळावरून, नाकावरून फिरवू द्या, आणि बोलत राहा. बोलताना ओठ हलतात, भुवया वर जातात, मान हलते, हे सगळं त्याच्या बोटांखाली आणि डोळ्यांपुढे एकाच वेळी होऊ द्या. घाई करू नका, रोज थोडा वेळ. त्या वेळी चष्मा तेवढा त्याच्या नाकावर असू द्या.